श्रीलंकेला पाठवलेला स्वेटर

घाटकोपर, ८ डिसेंबर १९८७

प्रिय आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

सहदेवदादा सुखरूप आहे. त्याच्या पलटणीतले सुभेदार श्रीलंकेहून रजेवर आलेत, ते काल स्वतः चाळीत येऊन सांगून गेले. पाय थोडा दुखावलाय, एवढंच.

एकाहत्तरच्या लढाईत पाठवले तसेच यंदाही आम्ही चाळीतल्या बायकांनी स्वेटर विणून पाठवले होते. सुभेदार हसले, "ताई, तिथं घामाच्या धारा लागतात!" पण दादा आपला स्वेटर घडी करून उशाला घेतो म्हणे. डोळे मिटले की त्याला आपल्या गावच्या समुद्राची गाज ऐकू येते.

हल्ली दुपारी विणताना मलाही ती ऐकू येते. तुला झोप लागते ना गं?

शिमग्याला दादा येईल. पालखी मात्र यंदा त्याला खांद्यावर घेऊ देऊ नकोस. अंगणात खुर्ची मांडून ठेव.

तुझी लेक,
सुगंधा