आवाजाच्या रकान्यात माझं नाव

मंगळ., २ डिसेंबर. जळगाव.
आज कॉलेजच्या सिनेमा कोर्समध्ये छोटी फिल्म करणाऱ्या आमच्या गटाची तिसरी बैठक. दोन तास गेले. मुलांचं एकच पालुपद, "काकू, सगळे मिळून सगळं करू." छत्तीस वर्षं कचेरीच्या आस्थापना शाखेत कामवाटपाचे आदेश काढले. सगळ्यांनी मिळून करायचं काम कधी झालेलं पाहिलं नाही. कागद घेतला, रकाने आखले.

दिग्दर्शन: दर्शन. धुळ्याचा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलतो भरपूर.
परवानग्या, गाडी, जेवण: किरण. ओळखी दांडग्या, वेळेचा पत्ता नाही.
कॅमेरा: पूनम. जामनेरहून रोज ये-जा करते. कमी बोलते.

कॅमेरा दर्शनचा स्वतःचा, वडिलांनी घेऊन दिलेला. तोच म्हणाला, "माझ्या हातून फोकस सुटतो. पूनम माझ्यापेक्षा चांगलं करते." आश्चर्य वाटलं. स्वतःची वस्तू अशी देणारे कमी. संकलनही पूनमकडेच, कारण दुसऱ्या कुणाला येत नाही.

आवाजाचा रकाना रिकामा. तिघेही जमिनीकडे बघत होते. मी माझं नाव घातलं.
किरण: "काकू, माइकची काठी धरून तास तास उभं राहावं लागतं."
"कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती."
चौघांच्या सह्या घेतल्या. दर्शन म्हणे, "सह्या कशाला?" म्हटलं, नंतर प्रत्येकाला वेगवेगळं आठवतं म्हणून.

धुळ्याहून भाऊचा फोन. संध्याकाळी कुठे असतेस? कॉम्प्युटरचा क्लास, म्हटलं. सिनेमाचा कोर्स सांगितला असता तर पुढची दिवाळी त्याच चेष्टेत गेली असती.

खरं कारण त्याला पटलंही नसतं. सिनेमा संपून नावं सरकू लागली की लोक उठतात. मी बसून वाचते. इतकी माणसं, करतात तरी काय? हे एवढंच जाणून घ्यायचं होतं.

शुक्र., ५ डिसेंबर.
रेकॉर्डर घरी आणला. हेडफोन लावले आणि आपलंच घर ओळखू येईना. फ्रिज सतत बोलतो. भिंतीवरचं घड्याळ एका बाजूला जास्त जोरात ठोका देतं. शेजारच्या वहिनी भाकरी थापताना मधेच थांबतात, उसासा टाकतात, पुन्हा थापतात. दहा वर्षं शेजारी राहते, हे माहीत नव्हतं.

माझ्या बांगड्या वाजतात. काढून ठेवल्या.

नोंदवही केली: फाइल क्र., ठिकाण, काय, शेरा. प्रत्येक फाइलला यंत्रच नंबर देतं, हे फार आवडलं. त्यात फेरफार करता येत नाही.

मंगळ., ९ डिसेंबर. धुळे.
सकाळच्या एसटीने. एरंडोलला चहा. किरणची गाडी ऐनवेळी "गॅरेजला".

फिल्मचा विषय दर्शनचा: 'शेवटचा पिंजारी'. रशीदभाईंचं गाद्या-रजयांचं दुकान. सगळं जमलं, फक्त रशीदभाईंना विचारायचं राहिलं होतं.
"आखरी? कोन बोल्ला आखरी?" ते हसले. "माझा भाचा हाये ना, देवपूरला. दोन मशीन हायेत त्याच्याकडं. लग्नसराईत फोन उचलत नाय."
दर्शनचा चेहरा बघण्यासारखा. किरण हळूच, "नाव 'शेवटून दुसरा' ठेवू." कुणी हसलं नाही. मी हसले, आतल्या आत.

पूनमने वर बोट दाखवलं. भिंतीवर कापूस पिंजायचं जुनं लाकडी धनुष्य, धुळीने पांढरं.
"ते चालतं का अजून, भाई?"
"हात चालंल का ते बघावं लागंल, बेटी."
प्रश्न हिला सुचला. दिग्दर्शकाला सुचायला हवा होता. पण दर्शनने लगेच वहीत लिहून घेतला आणि म्हणाला, "पूनम, हाच आपला सिनेमा." हेही नोंदवते.

परतताना पूनम शेजारी बसली. जळगावच्या एका फोटो स्टुडिओवाल्यांनी तिला सांगितलंय, फिल्म दाखव, शेवटी कॅमेऱ्याला तुझं नाव दिसलं तर कामाला घेतो. घरी वडील म्हणतात, पोरगी कॅमेरा घेऊन लग्नात फिरणार का? स्टुडिओने घेतलं तर मात्र नाही म्हणणार नाहीत.
"म्हणून त्या कागदावर मी दोनदा सही केली, अक्का. एक जास्तीची."
मी पाहिली होती. वाटलं, पहिली पुसट आली असेल.
काकूची अक्का कधी झाले, कळलं नाही. दुरुस्त केलं नाही.

शुक्र., १२ डिसेंबर. धुळे.
मोठा दिवस. सलग लिहिते.

पिंजायचं मशीन चालू असताना आवाज घेणं अशक्य. मी सांगितलं, बंद करा. दर्शन म्हणे, त्यांचा धंदा थांबेल. म्हटलं, मग रशीदभाईंनाच विचार. त्यांनी बटण दाबलं आणि बसून राहिले. पाच मिनिटं. दहा. हात रिकामे ठेवायची सवय नसलेला माणूस. शेवटी स्वतःच उठले, स्टुलावर चढले, धनुष्य उतरवलं.

पहिला ठोका धनुष्याच्या तांतीवर पडला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज कानात ऐकू येत नाही, छातीत येतो. बाहेरून कुणी म्हणालं, "अरे, चाचांनी काढलं का?" पूनम कॅमेऱ्यामागे हललीसुद्धा नाही. कापूस तिच्या केसांवर बसत होता. फाइल १३. शेरा: उत्तम.

मग पुढची. छोटा कॉलरचा माइक किती लांब चालतो, हे बघायचं होतं. दर्शनच्या शर्टाला लावला, म्हटलं, गल्लीच्या टोकापर्यंत जा, आकडे मोजत ये. गेला. एक, दोन, तीन. मग फोन वाजला. वडिलांचा.
"हा पप्पा. कॅमेरा मीच करी ऱ्हायनू ना. ... ती? ती सामान धरस, चहापानी देखस. बठ्ठं मन्हाच हातमा शे." म्हणजे सगळं याच्याच हातात, ती नुसती सामान धरायला आणि चहापाण्याला.
माझ्या दोन हातांवर पूनम उभी होती, काच पुसत.

हेडफोन काढायला हवे होते. काढले नाहीत. पुढे काय म्हणतो, ते ऐकायचं होतं. पुढे तो म्हणाला, "हा, या ना तुम्ही बघाले." आणि फोन ठेवून परत मोजू लागला. चार, पाच.
फाइल १४.

शनि., १३ डिसेंबर.
दिवसभर तेच डोक्यात.

रेकॉर्डरचं कार्ड संकलनासाठी जाणार पूनमकडे. ती सगळ्या फाइली ऐकते, एकही सोडत नाही. पुसावी, तर १३ नंतर १५ येईल आणि नोंदवहीत भोक पडेल. भोक पडलं की ती विचारणार. ते नसतं, तरी पुसायचा अधिकार मला कुणी दिला?

काल संध्याकाळी दर्शनला झाडायचं ठरवलं होतं. मग आठवलं, मी स्वतः आठवड्यातून तीनदा 'कॉम्प्युटरच्या क्लासला' जाते. माझ्या खोटेपणात दुसऱ्या कुणाचं नाव पुसलं जात नाही, एवढाच फरक. पण फरक आहे.

कॉलेजात असताना, अमळनेरला, स्नेहसंमेलनाचं नाटक मी बसवलं होतं. पत्रिकेत नाव आलं, 'साहाय्य'. तेव्हा बोलले नाही. आता का आठवावं? आठवलं खरं.

सोम., १५ डिसेंबर.
दर्शनला कँटीनमध्ये बसवलं. प्रस्तावना केली नाही.
"चौदा नंबरच्या फाइलीत तू वडिलांशी बोलतोस."
समोसा हातातच राहिला. "तुम्ही ऐकलं?"
"माझं कामच ते."
"पुसून टाका ना, अक्का."
"पुसणं माझ्या रकान्यात नाही."

मग सांगत बसला. कॅमेरा मिळवायला वर्षभर घरात भांडण. वडिलांचं म्हणणं, तू धरणार असशील तर घेतो, दुसऱ्याच्या हातात दिसला तर दुकानात परत. पूनमला दिला तेव्हा वाटलं, घरी कुणाला कळतंय. आता वडील फिल्म बघायला येणार.
"शेवटी 'कॅमेरा: दर्शन आणि पूनम' असं टाकलं तर?"
"तू किती शॉट घेतलेस?"
समोसा बशीत ठेवला.
"मग 'आणि' कशाचं?"
"तिला सांगू नका फक्त."
म्हटलं, मी सांगणार नाही. कार्ड बुधवारी तिच्या हातात देणार, अकरा वाजता. तुला काही करायचं असेल तर अकराच्या आधी.

मुलगा वाईट नाही. हीच अडचण आहे. वाईट असता तर काम सोपं होतं.

बुध., १७ डिसेंबर.
अकराला दहा कमी असताना आला, धापा टाकत. पूनम लॅपटॉप उघडून बसलेली. मी कार्ड आणि नोंदवही टेबलावर ठेवली.
दर्शन म्हणाला, "पूनम, चौदा नंबर आधी ऐक. मी बाहेर थांबतो."

तिने ऐकलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. काही हललं नाही. दुसऱ्यांदा लावलं. मग हेडफोन गळ्यात घेऊन त्याला हाक मारली.
"माइक शर्टाला घासतोय. वापरता येणार नाही."
"पूनम, मी..."
"पप्पा कोणत्या रांगेत बसणार तुमचे?"
"का?"
"नाव किती मोठं काढायचं ते बघते."

तो हसायला गेला, जमलं नाही. तीही हसली नाही. म्हणाली, "चहापाणी बघते म्हणालात. ते तर किरण बघतो. त्याला तरी विचारायचं."
मग तेराव्या फाइलकडे वळली आणि धनुष्याचा ठोका लावला. तिघेही ऐकत राहिलो. बोलणं तिथेच संपलं. म्हणजे मिटलं असं नाही.

सोम., २२ डिसेंबर.
फिल्म जवळपास तयार. नऊ मिनिटं. नाव 'हात चालंल का'. किरणने सुचवलं, सगळ्यांना पटलं. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं वेळेवर झालेलं काम.

शेवटची नावांची पाटी पूनमने केली नाही. सगळी फिल्म झाली, तेवढी काळी जागा सोडली. फाइल दर्शनला पाठवली. "दिग्दर्शक तुम्ही आहात. नावं तुम्ही टाका."
मी तिला बाजूला घेतलं. स्टुडिओवाले येणार आहेत ना? हो म्हणाली. मग हे जोखमीचं नाही का?
"मी टाकलं तर मी टाकलेलं नाव राहील, अक्का. त्याने टाकलं तर त्याने मानलेलं."
हे मला छत्तीस वर्षांत सुचलं नव्हतं. सह्यांचा कागद फाइलमध्ये ठेवला. दाखवायला काढला नाही.

शनि., २७ डिसेंबर. जळगाव.
कॉलेजच्या सभागृहात बसून लिहिते. पाच मिनिटं आहेत.

सकाळी भाऊला फोन केला. कॉम्प्युटर नाही, सिनेमा, ये. तो म्हणाला, "तू काय केलंस त्यात?" आवाज घेतला, म्हटलं. "कशाला?" ये, मग ऐक. आलाय, मफलर गुंडाळून, घड्याळ बघतोय. मला हसला नाही अजून.

फाइल दर्शनने कालच दिली. शेवटची पाटी कुणी पाहिलेली नाही. मी विचारलं नाही. विचारावंसं फार वाटलं. पूनमनेही विचारलं नाही.

दर्शनचे वडील दुसऱ्या रांगेत, पांढरा सदरा, गुडघ्यावर हात. मुलाचा कॅमेरा बघायला आलेत. स्टुडिओवाले कडेला. पूनम सरळ चालत गेली आणि दर्शनच्या वडिलांच्या बरोबर मागच्या खुर्चीत बसली. ओढणी नीट केली. रशीदभाई भाच्याला घेऊन आलेत. सगळ्यांना सांगताहेत, "हा दुसरा पिंजारी."

दर्शन आत येईना. दाराशी उभा. मी उठून गेले.
"अक्का, नावं येत असताना कुणी काही बोललं, तर इथपर्यंत ऐकू येतं का?"
"सगळं ऐकू येतं."
मान हलवली. मग आत आला आणि वडिलांशेजारची रिकामी खुर्ची सोडून पुढे गेला. दोन पावलांवर थांबला. मागे फिरला. तिथेच बसला.

दिवे मंद होताहेत. माझ्या मांडीवर वही, शेजारी भाऊ. त्याला सांगून ठेवलंय, संपल्यावर लगेच उठायचं नाही.