मीच खोडलेली ओळ

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढाच वाकून). भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? तुझा खोकला गेला, की भाऊजींसारखा कायमचा घरी बसला? इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं नाही ते. माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली आहे आणि ती वाईट आहे. हो, माझ्याच. चष्मा पुसून पुन्हा वाचू नकोस, मुद्रणदोष नाही.

पुरुषांनाही होतं म्हणे. मला सत्तावन्न वर्षं ठाऊक नव्हतं, आणि या अज्ञानाची मी रीतसर लेखी नोंद करून ठेवली आहे. दोन वर्षांपूर्वी छापखान्याने आम्हा सगळ्यांचा आरोग्य विमा उतरवला. अर्ज हातात आला आणि तुझ्या भावाची खोड उफाळून आली. तीस वर्षं मुद्रितं तपासणारा माणूस कागद वाचत नाही, चुका शोधतो. (औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा मी आधी दुरुस्त करतो, मग औषध घेतो. म्हणूनच गुण येत नाही, असं बायकोचं मत.) अर्जात सात चुका सापडल्या. आठवी किमान संरक्षणाच्या यादीत: त्वचेचे विकार, स्तनाचे विकार. त्वचा ठीक, शाईने माझी बोटं बारा महिने खाजतात. पण पुरुषाच्या अर्जात स्तन? छापणाऱ्याने बायकांच्या अर्जातली ओळ इकडे घुसडली असणार, अशी खात्री पटून मी ती लाल शाईने खोडली, समासात वगळण्याची खूण केली आणि शेजारी सही ठोकली. कारकून बिचारा म्हणाला, "असू द्या की साहेब, तुमचं काय खातंय ते?" मी म्हणालो, "चुकीला जागा द्यायची नसते." मालकांनी चहाच्या वेळी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. मी आठवडाभर तरंगत होतो.

आता कंपनीने दावा फेटाळला. तिथल्या बाईंनी कागद पुढे सरकवला आणि अगदी हळू म्हणाल्या, "काका, हे तुम्हीच नको म्हटलंय. सही आहे." सही माझीच होती. इतक्या स्वच्छपणे खोडलेली ओळ मी दुसरी पाहिली नाही. आधी अभिमान वाटला बघ, मग खोडलेलं काय होतं ते वाचलं. विमा नाही म्हणून सरकारी रुग्णालयात नाव घातलं. नंबर लागायला तीन महिने गेले, आणि तेवढ्यात गाठ काखेपर्यंत पोचली.

तपासणीच्या खोलीबाहेर सगळ्या बायका आणि मी एकटा बाप्या. परिचारिका माझ्या बायकोचाच हात धरून तिला आत नेऊ लागली. बायको म्हणाली, "अहो, मी नाही, हे." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. हसलं कोणीच नाही. हसल्या असत्या तर मीही हसून घेतलं असतं. एका आजींनी सरकून मला जागा दिली, आणि ताई, मला रडूच आलं.

शस्त्रक्रिया गुरुवारी आहे. भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आता थोडा वाढव.

तुझा,
धाकटा

ता. क. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला होतं का? मी आईच्या दुखण्याचं नाव सांगितलं. आपल्या घरात ते नाव आजवर कोणी तोंडातून काढलं नव्हतं, 'आईचं ते' एवढंच म्हणायचो. डॉक्टर म्हणाले, बहिणीला ताबडतोब तपासून घ्यायला सांगा. खरं तर या एका वाक्यासाठी लिहायला बसलो होतो आणि वर एवढं पाल्हाळ लावलं. तुझा विम्याचा अर्ज मीच भरला होता. त्यातली ती ओळ शाबूत आहे, मी हात लावलेला नाही. उद्याच जा. घराण्याच्या वाटणीचं लाजून मी घेतलं आहे, तुला काही शिल्लक ठेवलेलं नाही.

आणखी एक. वरची थट्टा खरी मानू नकोस. मला फार भीती वाटते आहे. आईच्या वेळी मोठ्यांनी आपल्या दोघांना दाराबाहेर उभं केलं होतं. गुरुवारी तू आत ये.