गेंड्याच्या पोटातलं पाणी

प्रिय मेहुणेबुवा,

वयाने तू लहान म्हणून आशीर्वाद आणि बायकोचा भाऊ म्हणून नमस्कार. दोन्हींतलं जे अंगाला बसेल ते ठेवून घे. तुझं पत्र पोचलं. घराचं रंगकाम संपलं, रंगाऱ्यांनी शिड्या नेल्या आणि तुझी पाठ अजून धरलेली आहे, हे वाचून अनुक्रमे आनंद, आनंद आणि काळजी वाटली. (कपाट एकट्याने ढकलायचं नसतं हे तुला लहानपणापासून सांगत आले आहे, असं तुझी ताई शेजारी बसून सांगते आहे. शेक घे.) इकडे आम्ही धडधाकट आहोत. रंगकामापुरते इकडे आलेल्या बाबांची तब्येत उत्तम, जेवण नीट, झोप तर माझ्याहून नीट. त्यांना परत कधी पाठवता, असं तू विचारलं आहेस. उत्तर एका ओळीचं होतं, पण मधे माझी गाडी येते आणि गाडीत पाणी येतं, तेव्हा जरा ऐसपैस बसून वाच.

गेंडा तुला ठाऊकच आहे. चारही चाकांनी ओढणारी, कपाटासारखी चौकोनी, आपल्या दोघांच्याही लग्नांहून जुनी अशी ही गाडी मी हौसेने घेतली, तेव्हा तू तिच्याभोवती एक फेरी मारून ‘भाऊजी, दणकट आहे’ एवढंच म्हणाला होतास. (न बोललेलं मला तेव्हाही ऐकू आलं होतं.) दणकट ती आहेच. चिखलातून निघते, खडी चढण चढते, फक्त पाऊस पडला की मागच्या डाव्या सीटच्या पायाशी डबकं साचतं. आधी मी फडक्याने पुसायचो, मग मगाने उपसायला लागलो. पुढे गालिच्यातून अळंब्यांच्या दोन पांढऱ्या छत्र्या उगवल्या. मी त्या तुझ्या ताईपासून लपवल्या, पण वास कुठे लपवणार? ओल्या कुत्र्याने ओल्या ब्लँकेटमध्ये बसून कांदे सोलावेत, तसा काहीसा तो वास होता.

गॅरेजवाल्याकडे नेली. तो भला माणूस, पण त्याचा सगळा विश्वास सिलिकॉनच्या नळीवर. त्याने समोरच्या काचेभोवती सिलिकॉन भरलं, मग मागच्या काचेभोवती, मग दाराच्या रबराला. शेवटी मी पुन्हा दारात उभा दिसलो की तो नुसती नळी उचलून विचारायचा, ‘आता कुठे?’ गाडी केकसारखी दिसू लागली आणि डबकं होतं तिथेच राहिलं.

आणि मग तो प्रसंग घडला. तुझ्या ताईला घेऊन मी तिच्या मैत्रिणीकडे निघालो होतो. आदल्या दिवशी धो धो कोसळून आभाळ अगदी लख्ख झालं होतं. ताईने केस धुऊन, सेट करून घेतले होते. (हा तपशील महत्त्वाचा आहे असं शेजारून सांगण्यात येत आहे.) सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला, आणि टपाच्या आतल्या दिव्यातून तांब्याभर थंडगार पाणी थेट तिच्या डोक्यावर पडलं. भर उन्हात, बंद गाडीत! दिव्याचं काचेचं झाकण पाण्याने भरत आलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. तिने घरी येऊन केस पुसले आणि भंगारवाल्याला फोन करून सोमवारी या म्हणून सांगितलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. गाडीतलं तेवढं जागेवर होतं.

बाबांना आमच्याकडे येऊन तेव्हा चार-पाच दिवसच झाले होते. तुझ्या बापाबद्दल तुला काय सांगायचं, पण जावयाच्या बाजूने सांगतो. आमच्या लग्नापासून आजवर त्यांचं माझ्याशी झालेलं सगळं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि पत्त्याला जागा उरली असती. ‘या जावईबापू’, ‘बसा जावईबापू’, ‘निघालात?’ आई गेल्यापासून तर तेवढंही आटलं. स्वतःच्या घरातही पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसतात, हे तूच मला म्हणाला होतास. इथेही तसंच. सकाळी चहाचा कप स्वतः विसळायचा, पांघरुणाची चौकोनी घडी घालायची, आणि आपला कुणाला त्रास होत नाही ना, हे बघत बसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी भंगारवाल्याचं रडगाणं गात होतो, तर खुर्चीच्या कडेवरून आवाज आला, ‘पाणी येतं कुठून?’

मी म्हणालो, ‘मागून, डावीकडून.’

‘ते दिसतं कुठे ते झालं. येतं कुठून?’

जन्मभर मुलांना भूगोल शिकवलेला माणूस तो. डबकं बघून नदीचा उगम सांगणारा जावई आपल्या पदरात पडला, याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. कप विसळायचा ठेवून ते उठले आणि पायात चपला सरकवून थेट गाडीपाशी गेले. मी मागोमाग.

मागच्या सगळ्या सीटा काढल्या. (त्या अजून दिवाणखान्यात आहेत. पाहुणे आले तर आम्ही त्यांना पट्टा लावून बसवतो.) गालिचा उचलला, त्याखालचा जाड स्पंज पिळला, तर बादल्यांमागून बादल्या पाणी निघालं. मी इतके दिवस तळं घेऊन गावभर हिंडत होतो! पत्रा पुसून कोरडा केल्यावर बाबांनी ताईची अंगाला लावायची पावडर मागून घेतली आणि आतून सगळीकडे, जमिनीवर, खांबांवर, अस्तर सोडवून टपाच्या पट्ट्यांवर, भुरभुरवली. पाणी जिथून जाईल तिथे पावडरीवर रेघ उठेल, अशी युक्ती. मग ते छत्री, टॉर्च आणि बुटकं स्टूल घेऊन आत बसले आणि दारं बंद करून घेतली. मी बाहेर नळाचा पाइप धरून. एकदम टपावर ओतायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. खालून सुरुवात करायची, एका जागी निवांत पाणी सोडायचं, काचेवर टकटक झाली की हातभर वर सरकायचं.

मेहुणेबुवा, दारं झाली, काचा झाल्या, सकाळ गेली, दुपार कलली. आत टॉर्चचा उजेड हळूहळू फिरत होता. मधे माझ्या लक्षात आलं की बाबांचे ओठ हलताहेत. मला काही सांगताहेत असं वाटून मी पाइप चिमटीत दाबून धरला आणि काचेला कान लावला. ते माझ्याशी बोलत नव्हते. तुझ्या आईबद्दल बोलत होते. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा नदी बघायला गेले, तर आई म्हणे काठावर बसून म्हणाली, ‘एवढं पाणी रोज कुठून आणतात?’ आणि यांनी तिला तासभर उगम, उपनद्या, पाणलोट सगळं समजावून सांगितलं, तिने ते सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, ‘मला माहीत होतं. तुम्ही बोलावंत म्हणून विचारलं.’ हे ते टॉर्चला सांगत होते आणि हसत होते. तुझे बाबा हसताना आवाज करतात, हे तुला तरी ठाऊक होतं का? मी हळूच पाइप सोडला आणि पुन्हा पाणी मारायला लागलो. नंतर बराच वेळ टकटक झाली नाही आणि मीही सरकलो नाही.

अखेर टपावर पोचलो. टपाला ती सरकती काच आहे ना, तिच्याभोवती पन्हळ असते. तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात आणि खांबांच्या पोटातून उतरून चाकांजवळ पाणी सोडतात. हे मला त्या दिवशीच कळलं. पुढच्या उजव्या कोपऱ्यात मी पाणी धरलं आणि आतून आरोळी आली.

‘अरे थांब! बंद कर! नको, नको, चालू ठेव! अरे, इकडे ये, हे बघ!’

मला क्षणभर वाटलं, आणखी कुणी आत शिरलं आहे. जन्मात मला ‘अहो’शिवाय हाक न मारलेला माणूस ‘अरे’ म्हणत होता! मी पाइप तसाच टपावर टाकून ओलाचिंब आत घुसलो. त्यांनी टॉर्च धरला. पांढऱ्या पावडरीतून एक काळी रेघ चालली होती. नळी तुंबलेली, म्हणून पाणी पन्हळीतून ओसंडून आत उतरलं, गाडी दारातल्या चढावर उभी असल्यामुळे पट्टीच्या कडेला धरून मागे गेलं, मागच्या आडव्या पट्टीशी थबकलं, जणू विचार करून डावीकडे वळलं, खांबाच्या पोटात शिरलं, सीटच्या पट्ट्याच्या मागून उतरलं आणि अगदी उलट्या टोकाला पायाशी येऊन साचलं. वाटेत दिवा लागला, तर तोही भरला. इतकी वर्षं, माझ्या डोक्यावरून, एक अख्खी नदी चालली होती! आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून बघत राहिलो. बाबा हळू आवाजात म्हणाले, ‘कुणी शिकवलं रे याला?’ त्यांनी जन्मभर हाच विषय शिकवला होता. माझ्या अंगावर काटा आला. (ओला होतो हेही खरं.)

नळीत मऊ तार घातली तर कुजक्या पानांचा गोळा निघाला, मग गुळगुळ आवाज झाला, आणि पुढच्या चाकाजवळून स्वच्छ धार पडली. बाबांनी तिच्याखाली हात धरला. दुसऱ्या दिवशी बॉनेटखाली एक रिकामं भोक सापडलं, तिथून चालकाच्या पायाशी थोडं पाणी झिरपायचं. त्याला मापाचं रबरी बूच आणून बाबांनी स्वतः अंगठ्याने दाबून बसवलं. सोमवारी भंगारवाला आला, आत हात फिरवला, बोटं कोरडी निघाली, चहा पिऊन गेला. तुझी ताई गाडीत बसली. टोपी घालून, पण बसली.

तर असं सगळं मार्गी लागलं आहे. बाबांचं इथलं काम संपलं. येत्या रविवारी त्यांना आणून सोडतो. मुलांना लाड, वहिनींना नमस्कार, पाठीला विश्रांती.

तुझा,
भाऊजी

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहिलं ते बरं झालं. रात्री पाऊस झाला आणि सकाळी चालकाच्या पायाशी पुन्हा पाणी! मी हबकलो. बाबा मात्र शांत. चष्मा पुसत म्हणाले, ‘पुन्हा पहिल्यापासून शोधायला हवं रे. घाई करून चालणार नाही.’ स्टूल त्यांनी आधीच गाडीत नेऊन ठेवलं होतं. रविवारचं जमेलसं दिसत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय खास.

ता. क. २. मुरतंय कुठे ते सापडलं. आज धुणं टाकताना तुझ्या ताईला बाबांच्या सदऱ्याच्या खिशात ते रबरी बूच मिळालं. ती बराच वेळ ते हातात धरून मोरीत उभी होती. मग डोळे पुसले, बूच पुसलं आणि बाबांच्या इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवून दिलं. आम्ही दोघांनीही काही पाहिलेलं नाही. तेव्हा आता मूळ मुद्दा असा: त्यांची उशी, गरम कपडे, चालायचे बूट आणि तुझ्या आईचा तो लहान फोटो, एवढं नीट बांधून इकडे पाठवून दे. त्यांना मात्र फोन करून काही विचारू नकोस. विचारलंस तर ते ‘येतो’ म्हणतील.