कापून पाहिलेला तुकडा

बेंगळूर, ४ ऑगस्ट १९९६

ती. बिरदेवदादास, मुक्ताचा शि. सा. न.

शोधनिबंध छापून आला म्हणून गावी तुम्ही माझा सत्कार केलात, आबांनी पेढे वाटले. आणि दादा, माझं चुकलंय. पंधराशे अंशांच्या हवेत ठेवूनही झिर्कोनियम-बोरॉनच्या माझ्या तुकड्याचं वजन जेमतेम वाढलं, म्हणून हवा त्याला खात नाही असं मी निबंधात लिहिलं. परवा तुकडा कापला. आत पांढरा, भुसभुशीत थर. ऑक्सिजन धरून झिर्कोनियमचं वजन वाढत होतं, आणि बोरॉनची काच होऊन तिची वाफ उडून जात होती. वाढ घटीत लपली. पीएचडीची तीन वर्षं त्यावरच उभी आहेत. माझ्या मार्गदर्शक सरांना सांगायचा धीर होत नाही.

तुझी मुक्ता

इंदापूर, १५ ऑगस्ट

चि. मुक्तास, बिरदेवचे आशीर्वाद.

समदी खुशाल हायत, असं लिहायची रीत म्हणून लिहितो. आबांचा दम वाढलाय. दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणत्यात, मुक्ता डाक्टर झाली की बघू. मेंढरांमागं जन्म गेला त्यांचा. आता येईल त्याला तुझंच सांगत्यात. तू सायबाला काय बी सांगू नगंस. तुकडा तुझ्याबिगर कुणी कापलाय? वाईट सल्ला हाय, ठावं हाय मला. तरी तुझ्याकडं एवढंच मागतोय. माया ठेव.

बिरदेव

बेंगळूर, २ सप्टेंबर

ती. दादास, शि. सा. न.

तुझं ऐकलं नाही. सर म्हणाले, गप्प बस. पण हे साहित्य अवकाशयानाच्या नाकाला लावायचंय, दादा. मी निबंध मागं घ्यायला लावला. शिष्यवृत्ती गेली, सरांनी दार बंद केलं. झोप नाही, रडूही येत नाही. आबांना तूच सांग, मला तोंड नाही. रागावलास तरी पत्र टाकत जा.

मुक्ता

इंदापूर, २१ सप्टेंबर

चि. मुक्तास आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, स्वरूपाच्या पत्त्यावर धाडतोय. आबांना सांगितलं. दोन दिस जेवले न्हाईत. मग म्हणाले, सवताहून सांगितलं का कुणी धरली तिला? सवताहून, म्हटलं. मग बोलव तिला, म्हणाले. त्याच सांजंला गेले.

तार केली, ती परत आली. तू हॉस्टेल सोडलंस, आमाला ठावं न्हवतं. काल दहावा झाला. त्यांनी बोलावलं हाय, एवढंच पोचवायचं ऱ्हायलं होतं.

तुझा बिरदेव