बशीसकट कप

प्रिय नेल्बा,

रविवार, १७ ऑगस्ट, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तुझ्या अंगणात तू मला कपातून चहा दिलास. बशीसकट. बाकीच्या साऱ्या जणी माते, आपला तो कडू पाल्याचा काढा, पीत होत्या. आपण शाळा सुटल्यापासून एकमेकींच्या तोंडची ओढत आलो तीच नळी, तेच वाळक्या भोपळ्याचं पात्र हातोहात फिरत होतं, आणि माझ्या पुढ्यात कप, जसा विम्याच्या एजंटापुढे ठेवतात. वर म्हणालीस, "तुला हल्ली ॲसिडिटी होते ना गं, झुल्मा?" मला ॲसिडिटी होते हे मला तुझ्याकडूनच कळलं. शेजारी बसलेली आपली ओफेलिया बिचारी स्वतःच्या बुटांकडे बघत बसली.

माझ्या तोंडाभोवती लाल पुरळ आलंय हे मला ठाऊक आहे. आरसा माझ्याही घरी आहे. पण ते तर जूनपासून आहे, आणि जुलैभर तू मला माते देत होतीस. मग त्याच रविवारी काय झालं? सरहद्दीच्या पुलावरच्या कस्टममध्ये मी उभा जन्म लोकांच्या बॅगा उघडल्या. माणूस ज्या बॅगेकडे बघायचं टाळतो, तीच आधी उघडायची असते. त्या दुपारी तू आणि तुझी यानिना, दोघी मायलेकी एका गोष्टीकडे बघायचं टाळत होतात. तुझ्या नातीच्या, रेनाताच्या मफलरकडे. ऑगस्टचा हिवाळा असला तरी एवढं ऊन पडलेलं, आणि पोरीचं नाक तेवढं बाहेर. एरवी मला बघितलं की गळ्यात पडणारी माझी धर्मलेक, तिला यानिना म्हणाली, "लांबूनच टाटा कर गं धर्मआईला, आणि कोंबड्यांना दाणे घालून ये." कोंबड्या दाणे खाऊन तुडुंब, पेंगत होत्या.

मी तो चहा संपवला आणि घरी निघून आले. रागाने डोकं भणभणत होतं म्हणून, समंजसपणाने नव्हे.

आता या पुरळाची हकीकत ऐक. हनुवटीपाशी दोन पुटकुळ्या आल्या, एवढीच सुरुवात. मी टूथपेस्टवर संशय घेतला, लिपस्टिकवर घेतला, बेकरीतल्या दालचिनीच्या बिस्किटांवर घेतला. तुझ्या नळीच्या धातूवरही घेतला, खोटं कशाला बोलू. तेव्हा यानिनाने नदीपलीकडून आणलेली ती पांढरी डबी दिली, लेबल नसलेली. "फुलांचा अर्क आणि मेण, मावशी. दुसरं काही नाही." दोन दिवसांत चेहरा लोण्यासारखा झाला. लावणं थांबवलं की आठवड्याभरात दुप्पट पुरळ. पुन्हा लावलं, पुन्हा लोणी. असल्या बिनलेबलाच्या डब्या मी पुलावर पोत्याने जप्त केल्या असतील. ही घरात घेतली, कारण ती तुझ्या लेकीच्या हातातून आली.

मंगळवारी बसने मेर्सेदेसला जाऊन कातडीच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. तरुण आहे, पण डोळे कस्टमवालीचे. "काय लावता?" म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. "काहीच नाही? मग पर्समध्ये काय आहे, बाई?" डबी काढून द्यावी लागली. तिने वास घेतला, बोटावर चोळून बघितली. "लावलं की जातं, सोडलं की उसळतं, हो ना? यात बहुधा स्टेरॉइड आहे. तेच हे पुरळ पोसतंय." औषध काय, तर मुख्यतः थांबणं. मलम बंद, क्रीम, पावडर, लिपस्टिक सगळं बंद, तोंड नुसत्या पाण्याने धुवायचं, टूथपेस्ट साधी, आणि काही आठवडे गोळ्या. "आधी वाढेल. भूत दिसाल. तरी डबीकडे वळायचं नाही." आणि हे मी मुद्दाम ठळक लिहिते आहे, नेल्बा: हे एकाचं दुसऱ्याला होत नाही. नळीने नाही, पाप्याने नाही.

ओळख पटायची खूण विचारली. ती म्हणाली, ओठांना लागून एक बारीक गोरी कड सुटलेली असते, पुरळ तिच्या बाहेर. आणि मला अंगणातला केक आठवला. खाताना रेनाताचा मफलर घसरला होता. लाल ठिपके, आणि ओठांभोवती ती गोरी कड. यानिनाने केवढ्या झटक्याने तो वर ओढला.

म्हणजे हिशेब असा. थंडीने पोरीचे ओठ फुटले, आईने आपलीच डबी लावली. पुरळ आलं, तेव्हा घरात ठरलं की ते धर्मआईच्या पाप्यांतून आलं. म्हणून मला कप. आणि माझा रोग घालवायला म्हणून तुम्ही त्या सहा वर्षांच्या चेहऱ्यावर सकाळ-संध्याकाळ तेच चोळताय. कपाचं मी विसरेन. हे विसरणार नाही. डबी बंद करा आणि तिला डॉक्टरकडे न्या. माझ्या गोळ्या देऊ नका, त्या लहान मुलांच्या नव्हेत. फोनवर तू "हो गं, हो" म्हणशील आणि लेकीपुढे गप्प बसशील. म्हणून लेखी हवंय. मठाच्या शाळेत मुरंबा कोणी खाल्ला विचारल्यावर तू मेरीमातेची शपथ घेऊन नाही म्हणालीस. सिस्टर पेर्पेतुआने तेच कागदावर लिही म्हटलं, तर तासभर पेन धरून बसलीस आणि शेवटी खरं लिहिलंस. खोटं तुला बोलता येतं, लिहिता येत नाही. तेव्हा रेनाताची डबी बंद झाली, एवढी एक ओळ तुझ्या हाताने लिहून शनिवार, २३ ऑगस्ट, दुपारी बाराच्या आत माझ्या दारात टाक. नाही आली, तर साडेबाराला मी तुझ्या फाटकात असेन, भुतासारखं तोंड घेऊन, आणि पोरीला स्वतः मेर्सेदेसला नेईन.

तुझीच, पण पुन्हा त्या कपातून न पिणारी,
झुल्मा