न घासलेला थाळा

आबा, परवा मी शिरपूरला जाऊन आले. शिरपूरच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, तुमच्या मधवाल्या भाऊंच्या पाड्यावर. तुम्ही असतानाही मी तिथे कधी गेले नव्हते. दर वर्षी तुम्ही एकटेच जायचात, त्यांच्या बायकोसाठी ज्वारीचं पोतं घेऊन, आणि परत आलात की दोन दिवस कोणाशी बोलायचा नाहीत. आता गुडघे कुरकुर करायला लागले, तेव्हा मला जायचं सुचलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते असंच असणार.

जळगावच्या सराफ्यात आपली ओळख मातीवाले म्हणून. सोनारांच्या दुकानातली झाडलोट, शेगडीची राख, पाय पुसायची चिंधीसुद्धा तुम्ही विकत घ्यायचात. ती जाळून, कुटून, चाळून सागाच्या उथळ थाळ्यात पाण्याखाली फिरवायची आणि तळाशी उरलेले सोन्याचे कण वेगळे करायचे, हा आपला झारेकऱ्याचा धंदा. लोक हसायचे, तुम्हीही हसायचात. मला चिडवायचात, ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.’ पण एका गोष्टीत थट्टा चालायची नाही. एका दुकानाची माती धुऊन झाली की थाळा चिंच आणि राख लावून नारळाच्या काथ्याने घासायचा, आणि ते घासलेलं पाणी त्याच दुकानाच्या मातीत परत टाकायचं. एकाचा कण दुसऱ्याच्या मातीत गेला तर ती चोरी, असं तुम्ही म्हणायचात. थाळ्याला एक चीर होती, तिच्यावर तुम्ही तांब्याची पट्टी ठोकली होती. त्या चिरेत काथ्या नीट फिरला की नाही, हे बोट घालून बघायचात.

त्या वर्षी दिवाळीला मी माहेरी आले ती गेलेच नाही. सासू टोचून बोलायची, नवरा मान खाली घालून बसायचा. पंधरा दिवस तुम्ही वाट पाहिलीत. एका सकाळी चहा पिता पिता म्हणालात, ‘बाई, दिवाळी होऊन गेली. आता आपल्या घरी जायचं बघ.’ आपल्या घरी! मी चुलीपुढे बसले होते, हातातलं फडकं तिथेच टाकून दिलं. तेवढ्यात मधवाले भाऊ आले. दर हंगामात मध, चारोळी, डिंक घेऊन यायचे आणि तुमच्यासाठी एक बाटली वेगळी ठेवायचे. या वेळी त्यांच्या धोतराच्या सोग्यात वाळू होती, चमचमणारी. ‘आबा, हाई सोनं शे का?’ तुम्ही चिमूट उन्हात धरलीत, म्हणालात, ‘हाई अभ्रक शे, भाऊ. पण नाला दाखव, धुऊन तर पाहू.’ तुम्हाला दोन दिवस रानात जायला निमित्त हवं होतं, मला ठाऊक आहे. पेठेतला एक सोन्याचा दलाल ओट्यावर बसला होता, तोही निघाला. तुम्ही मला हाक मारलीत, ‘थाळा घासून दे गं.’ मी हौदापाशी गेले. थोड्या वेळाने तुम्ही आतून विचारलंत, ‘घासला का?’ मी म्हटलं, ‘हो.’

पुढचं मी तुमच्याच तोंडून ऐकलं, आणि किती वेळा! नाल्याचं पाणी घोट्याएवढं. पाड्यावरची माणसं काठावर गोळा झालेली, दलाल सावलीत. तुम्ही वाळू घेऊन थाळा फिरवता, एकदा, दोनदा, वाळू वाहून जाते, आणि तळाशी पाच-सहा पिवळे कण थांबतात. जन्मभर दुसऱ्यांच्या मातीतून सोनं काढलेला माणूस तुम्ही. तुम्ही ओरडलात, ‘सोनं!’ भाऊंना मिठी मारलीत. ते कण कागदाच्या पुडीत बांधून घेतलेत आणि थाळा भाऊंना देऊन टाकलात. ‘आता तूच धू, तुझं सोनं आहे.’ मला ते सांगताना तुमचे डोळे भरून आले होते. मी नीट ऐकत नव्हते. माझा राग अजून उतरला नव्हता.

आठ दिवसांत बातमी भुसावळपर्यंत गेली. माणसं घमेली, चाळण्या, पोहरे घेऊन ट्रकने उतरू लागली. नाल्याकाठी भज्यांच्या गाड्या लागल्या, काठ खणून पळसाची मुळं उघडी पडली. महिना-दीड महिना असं चाललं आणि कोणालाही एक कण मिळाला नाही. मग लोक भाऊंकडे वळले. खरी जागा याने लपवली, म्हणू लागले. आधी बाहेरचे म्हणायचे, मग पाड्यातले. त्यांच्या झोपडीची जमीनसुद्धा खणून बघितली. भाऊ थाळा फडक्यात बांधून पाठीवर घेऊन फिरायचे, जिथे सांगाल तिथे धुऊन दाखवतो म्हणायचे. होळीच्या आधी पाड्यांवर भोंगऱ्याचा बाजार भरतो, त्याच्या चार दिवस अलीकडे ते दरीत सापडले. डोकं फुटलेलं. अस्वलाने मारलं असं कागदावर लिहिलं गेलं. पाठीवरचा थाळा मात्र नव्हता. त्यांची बायको पोलिसांना तेवढंच सांगत राहिली, अस्वल थाळा कशाला नेईल, आणि ते कोणी लिहून घेतलं नाही.

तुम्ही त्यांच्या पाड्यावरून आलात ते सरळ कपाटातली पुडी काढलीत. दाराच्या उजेडात भिंग लावून बसलात. मी पाणी घेऊन उभी. बराच वेळ बघून तुम्ही म्हणालात, ‘नदीचं सोनं लोळून लोळून गुळगुळीत होतं. याला धार आहे. हा कानशीचा कीस आहे, आपल्याच पेठेतला.’ मग माझ्याकडे बघितलंत. ‘तू घासला होतास ना?’ आबा, मी परत हो म्हटलं. दोन्ही वेळा खोटं बोलले. त्या सकाळी मी थाळ्यावर नुसतं तांब्याभर पाणी ओतलं होतं आणि तो पालथा घातला होता, रागाने. तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, ‘मग लाकडातच राहिलं असणार. पट्टीखाली मी बघायला हवं होतं.’ माझा गुन्हा तुम्ही असा सहज उचलून डोक्यावर घेतलात.

महिनाभराने तुम्ही त्या दलालाच्या वाड्यात माती आणायला गेलात आणि गोठ्यात म्हशीच्या पेंडीखाली आपला थाळा दिसला. तीच तांब्याची पट्टी. ‘कुठं मिळाला?’ विचारलंत तर म्हणाला, ‘रानात पडला होता.’ तुम्ही ‘मला द्या’ म्हणालात, त्याने दिला. घरी येऊन थाळा खुंटीला लावलात आणि टोपी घातलीत. ‘चौकीत जातो. याने मारलं की कोणी, ते पोलीस शोधतील. थाळा कुठून आला तेवढं तर विचारतील.’ मी दारात आडवी झाले. थाळ्याचं निघालं की कण कुठून आले ते निघेल, आणि मग तो कोणी घासला होता तेही. सासरचं दार अर्धं लागलेलंच होतं, ते पुरतं लागलं असतं. पण हे मी बोलले नाही. मी म्हटलं, ‘आबा, पेठेत तुमचं नाव जाईल. उद्या कोण माती देईल तुम्हाला?’ माझी भीती मी तुमच्या नावावर घातली. तुम्ही उंबऱ्यात बसलात. मग टोपी काढलीत. त्यानंतर तुम्ही माती धुतली नाहीत, एका गोदामावर राखण करत राहिलात. मी सासरी गेले, तिथे रुळले, मुलं झाली, नवरा पुढे चांगला वागला. दलाल म्हातारा होऊन अंथरुणात मेला आणि तुम्ही त्याच्या मयताला गेलात. तुमच्याही माघारी थाळा माझ्याकडे आला.

तोच पिशवीत घालून मी परवा गेले होते. सगळं सांगायचं ठरवून. भाऊंची बायको अजून आहे, आबा. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. तुमचं नाव सांगितल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाली, ‘तुना बाप भला माणूस व्हता. दर साल एक तोच ये.’ मग चहा ठेवला, आणि चहा उकळता उकळता विचारलं, ‘बठ्ठा लोके अजून म्हणतस, त्यास्नी सोनं लपाडं. मना नातूले बी म्हणतस. तू माले खरं सांग बाई, नालामा सोनं व्हतं का?’

नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. नाल्यात कधीच नव्हतं, तुमच्या माणसाने काहीही लपवलं नाही, ते आमच्या थाळ्यात होतं. एका दमाचं वाक्य. एसटीत बसून मी ते पाठ केलं होतं. आणि मी म्हटलं, ‘मला नाही माहीत, मावशी. मी तेव्हा लहान होते.’ बावीस वर्षांची होते मी, आबा.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, थाळ्यातच ठेवून देईन. पुन्हा जाईन म्हणते. पण स्वतःच्या म्हणण्यावर माझा आता फारसा भरवसा नाही. एक सांगायचं राहिलं. निघताना पिशवी कलंडली आणि थाळा त्यांच्या पायाशी आला. त्यांनी चाचपून उचलला. त्यांनी ओळखला नाही, काठावरून अंगठा फिरवला, पट्टीपाशी थांबल्या. ‘मळ शे बाई याले,’ म्हणाल्या आणि चुलीतली राख घ्यायला हात पुढे केला. ‘आण, घासी देस.’ मी थाळा ओढूनच घेतला. ‘राहू द्या मावशी, घरी गेल्यावर घासते,’ मी म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला, आबा, तुमच्यासारखाच.