समोर राहायला आलेले

४ ऑगस्ट
एकेचाळीस सह्या झाल्या! जिने चढून-उतरून पायांचे तुकडे पडले. समोरच्या बंद लॉजमध्ये बेघरांना स्वस्त भाड्याच्या खोल्या देणार म्हणे — वर डॉक्टर, समुपदेशक, सगळा थाट! हरकतीचा अर्ज मीच लिहिला. 'आमच्या लेकीबाळींच्या सुरक्षिततेसाठी' हे वाक्य सोसायटीत सगळ्यांना फार आवडलं. हे मात्र पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "कुणाला छप्पर मिळालं तर तुझं काय जातं?" ह्यांना कशाचं काही पडलेलंच नसतं.

१९ सप्टेंबर
अर्ज फेटाळला. लोक राहायलासुद्धा आले.

२३ सप्टेंबर
स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा दुसरा मजला दिसतो. एका खोलीबाहेर सदरा वाळत होता — उलटा केलेला, सगळी बटणं लावलेली. असा सदरा वाळत घालणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. आईने आम्हा दोघांना तसं शिकवलं होतं.

मग तोच बाहेर आला. केस पांढरे झालेत. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, आणि पांढरे!

मी खिडकी लावून घेतली. अकरा वर्षांपूर्वी दार लावलं होतं, तशीच. तेव्हा तो आमच्याकडेच राहायचा; त्या रात्री पिऊन आला होता. म्हटलं, "शुद्धीवर आलास की ये." चार दिवसांनी शुद्धीवर येऊन आला, तरी उघडलं नाही — आत पाहुणे होते. हे बाहेरगावी होते. परतल्यावर ह्यांना सांगितलं, तो आपणहून निघून गेला. बाकी कुणी विचारलं तर एकच उत्तर, "भाऊ लांब असतो."

लांब कसला! इतकी वर्षं पुलाखाली झोपत असणार.

२६ सप्टेंबर
ह्यांना सांगायचं कोणत्या तोंडाने? आज दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा गॅस सिलिंडरवर नेऊन सोडला.

१ ऑक्टोबर
कोपऱ्यावरच्या दुकानात गाठ पडलीच. माझ्याबरोबर तळमजल्यावरच्या काकू — अर्जावर पहिली सही त्यांची. पायरीवर माझी पिशवी फाटली, कांदे रस्ताभर. तो धावत आला. वाकून एकेक गोळा केला, माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि म्हणाला, "घ्या, मॅडम."

मॅडम!

वाटेत काकू म्हणाल्या, "बघितलंत? ह्या लोकांना ना आगा ना पीछा." मी म्हटलं, "हो ना." हो ना! जीभ कशी झडली नाही माझी? त्याने मला वाचवलं, आणि मी वाचलेसुद्धा. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

४ ऑक्टोबर
घास उतरत नाही. हे विचारतात, "बरं नाही का?" मी म्हणते, "पित्त."

७ ऑक्टोबर
आज ह्यांच्यापुढे सगळं ओकले. दार, पाहुणे, खोटं, कांदे. ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "दोन वर्षं भेटतोय मी त्याला. तू सह्या गोळा करत होतीस, त्याच आठवड्यात त्याच्या खोलीच्या अर्जावर नातेवाईक म्हणून मी सही केली. तुला सांगायचं नाही, ही अट त्याची. ताईला लाज वाटेल, म्हणाला."